एकेका ओळीच्या फायली

जूनमध्ये सर्व्हर भरला. पार गळ्यापर्यंत.
सकाळी कुणालाच आत शिरता येईना
आणि भूगोल विभागाच्या त्या दोन खोल्यांतले सगळे
माझ्याकडे बघू लागले,
जणू मीच रात्री बसून गिळलं होतं.

शोधलं. हार्दिकच्या नावावर चौऱ्याण्णव जीबी.
प्रबंध अडीच पानांचा,
बाकी बहिणीचं लग्न, तीन कॅमेऱ्यांतून, गरब्यासकट.
म्हणाला, बेन, घरे जग्या नथी.
इथे कुठे होती?

मग वाटण्या केल्या.
माणशी पाच जीबी. हेडसाहेबांनाही पाच
(त्यांनी हसत सहा मागितले, मी हसत पाचच दिले).
एक रेघ मऊ: ओलांडलीत तर निरोप येईल,
सात दिवसांची मुदत, आवरून घ्या.
पुढची रेघ टणक:
तिथे आर्जव नाही, निरोप नाही,
लिहिणंच थांबतं.
आणि रकाना रिकामा दिसला म्हणून
फायलींच्या संख्येलाही आकडा टाकला, पन्नास हजार.
एवढ्या फायली कोण करतंय, म्हटलं,
आणि चहाला खाली उतरले.

आठव्या दिवशी गुप्ते सर आले.
दांडिया बाजारातून चालत, छत्री काखेत.
निवृत्तीला अकरा वर्षं झाली,
खातं बंद करायचं कुणाला सुचलं नाही.
"लिहू देत नाही हो," म्हणाले,
तक्रार नव्हती, शेजाऱ्याचं दार लागलंय असं सांगतात तसं.

बघितलं तर शंभरातले चार भागच वापरलेले,
सगळं घर मोकळं
आणि तरी दारावर माझी पाटी: भरले आहे.
पन्नास हजार फायली. प्रत्येकीत एक ओळ.
विश्वामित्रीचं पाणी, काळ्या घोड्याच्या पुलावरून,
सकाळ, दुपार, संध्याकाळ,
आधीच्या वर्षांचं वह्यांतून उतरवलेलं.

"सकाळ. सात फूट दोन इंच."
"दुपार. तेवढंच. मगर काठावर, जबडा उघडा."
"सकाळ. मला ताप. पाटणकरांच्या मुलाने पाहिलं, साधारण सहा फूट."
"संध्याकाळ. सुमन दवाखान्यात. पाणी पाहिलं नाही."
तीही फाइल ठेवलेली.

म्हटलं, सर, सगळं एकाच फायलीत घाला ना,
दहा मिनिटांत करून देते.
चष्मा पुसत बसले.
"मला कधी एकच दुपार लागते," म्हणाले,
"त्यासाठी सगळी नदी कशाला उघडू?"

पुलाच्या खांबावरही दोनच रेघा आहेत,
एक इशाऱ्याची, एक धोक्याची.
मधल्या अंतराला तिथे कुणी मुदत म्हणत नाही.
त्या साली पाणी आमच्या तळमजल्यात आलं
तेव्हा मशीन वर चढवायला
मी, शिपाई सोलंकी आणि हेच सर होतो,
तिसऱ्या पायरीवर थांबून
त्यांनी खिशातली पट्टी काढली होती.

मर्यादा वाढवायला हेडसाहेबांची सही लागते.
आपली कमी करायला कुणाची लागत नाही.
माझ्या पन्नासातले वीस हजार काढले,
त्यांच्या नावापुढे सत्तर लिहू लागले.
सरांनी तोंडी हिशेब केला,
दिवसाला तीन, वर्षाला हजार-अकराशे.
"वीस म्हणजे अठरा वर्षं होतात," म्हणाले.
"मी एकाहत्तरचा. दहा घाला.
उरलेले कुणाला लागतील."

मी साठ हजार टाकले.
उरलेले दहा अजून कुणाच्याच नावावर नाहीत,
हार्दिक दोनदा विचारून गेला.

घरी निघताना, सवय म्हणून, यादी पाहिली.
सरांच्या खात्यात एक नवी फाइल, सहा वाजून बावीस मिनिटांची.
दुसऱ्याचं उघडून वाचू नये, हा नियमही मीच केलेला.
उघडली.
"संध्याकाळ. दोन बोटं उतरलं."